आबांनी लिहिलेले वय

चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन टोके एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. आधी ताणायची, मग झटकायची, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. इस्पितळाच्या धुलाईघरात थोरली आणि मावशी गेली चौदा वर्षे अशा एकमेकींकडे चालत येत होत्या. तेवढी पावले रस्त्यावर पडली असती तर दोघींची एखादी लांबची यात्रा घडून आली असती. पण त्यांची सगळी वाट त्या एका लांबट टेबलाच्या कडेकडेने गेली.

थोरली हे तिचे कागदावरचे नाव नव्हे. तीन बहिणींत पहिली म्हणून माहेरी पडलेले ते नाव सासरी आले आणि कामावरही आले. मावशी मात्र सगळ्यांचीच मावशी. पासष्टी कधीच मागे पडली होती. बोटे वाकडी होऊन बसली होती, चादरीचा कोपरा ती अंगठा आणि मनगट यांच्यामध्ये धरी. तोंडाने सतत देवाचे गाणे चालू, शब्द अर्धे वाफेत विरलेले.

त्या दिवशी सकाळी नेहमीसारखीच वॉर्डांतली गाठोडी फरशीवर सुटली होती. रक्ताच्या चादरी वेगळ्या काढून गार पाण्यात टाकायच्या. ऊन पाणी लागले की डाग जन्माचा बसतो, हे धुलाईघरात पहिल्या दिवशी शिकवतात. पलीकडे इस्त्रीच्या तापलेल्या रुळातून चादरी सपाट होऊन बाहेर पडत होत्या.

"मावशी, आता घरी बसा की," नव्याने लागलेली एकजण म्हणाली. "हात बघा कसे झालेत."

"बसते की. तू येतेस का दोन वेळचं वाढायला?" मावशी म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या. मावशीही हसली. पण तिने चादर खाली ठेवली नाही.

जेवणाच्या सुट्टीत योजनेच्या बाई आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा. ओल्या फरशीवरून जपून चालत त्या बाकावर येऊन बसल्या आणि सरळ साध्या भाषेत सांगू लागल्या. ही सरकारची योजना आहे, रोजंदारीवर, कंत्राटावर राबणाऱ्यांसाठी. कमावता आहात तोवर दरमहा थोडे थोडे बाजूला टाका, सरकार त्यात आपला वाटा घालील. साठीनंतर दरमहा पेन्शन, शेवटच्या श्वासापर्यंत.

"कुणापुढे हात पसरायचा नाही, सुनेचं तोंड बघायचं नाही," बाई म्हणाल्या. "अट एकच. निदान वीस वर्षं भरणं व्हायला हवं. म्हणून अठरानंतर कधीही, पण चाळिशी पुरी व्हायच्या आत नाव घालायचं."

"मग माझं घाला की," मावशी म्हणाली. "मी एकोणचाळीसचीच आहे. वरची सगळी वाफेनं सुजलीत."

हशा पिकला. हसता हसता मावशीने थोरलीला कोपराने ढोसले. "माझं गेलं, बाई. तुझं घाल. कार्ड काढ."

थोरलीने पदराच्या गाठीतून ओळखपत्र काढून दिले. बाईंनी चष्मा वर सरकवला, जन्मतारीख पाहिली, बोटांवर मोजले.

"तुमची चाळिशी दोन महिन्यांपूर्वीच पुरी झाली."

"नाही हो. मी सदतीसची आहे."

"सगळ्याच तसं म्हणतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, दमणूक होती.

"अहो, खरंच आहे ते," मावशी मध्येच म्हणाली. "हिचं लग्न पंधराव्या वर्षी लागलंय. कायद्यात बसावं म्हणून अठरा लिहिलं. तेच पुढं सगळ्या कागदांवर चढलं. आमच्यातल्या निम्म्याजणींचं तसंच आहे, काय गं?"

तीन-चारजणींनी आपापली कार्डे उलटी करून मांडीवर ठेवली.

बाई म्हणाल्या, "एक वाट आहे. ज्यांनी तेव्हा लिहून दिलं, त्यांनी आता लेखी कबूल करायचं की वय वाढवून लिहिलं होतं. कचेरीनं मानलं तर तारीख दुरुस्त होईल, आणि मग तुमच्या हातात जवळजवळ तीन वर्षं आहेत. कुणी लिहिलं होतं?"

"माझ्या वडिलांनी," थोरली म्हणाली. "ते देतील लिहून. ते खोटं बोलत नाहीत."

आणि म्हणून झाल्यावर तिचे तिलाच ते वाक्य ऐकू आले.

आयुष्य देव मोजतो, वय मात्र माणसे लिहितात. देवाच्या मोजण्यात आजवर एका दिवसाची चूक झालेली नाही. माणसांच्या लिहिण्याचे तसे नाही, वाचकहो, आणि हे चूक करणारे हात दरवेळी दुष्टाचेच असतात असेही नाही. थोरलीचे वडील, सगळ्यांचे आबा, हे अर्जलेखक होते. कचेरीबाहेर पत्र्याच्या छपराखाली त्यांचे टेबल. चष्म्याला दोरी बांधलेली, शेजारी शाईची बाटली, गुळगुळीत झालेला एक दगड कागद उडू नयेत म्हणून. चाळीस वर्षांत त्यांच्या अर्जावर शाईचा डाग पडलेला कुणी पाहिला नव्हता, की त्यांच्या अर्जातली हकिकत खोटी निघाली नव्हती. कचेरीतले साहेब म्हणत, आबांचे अक्षर आहे ना, मग तपासायला नको.

आणि त्यांचा एक नियम होता. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. सोबत नवरा असो, भाऊ असो, वकील असो, आबा त्यांना हाताने थांबवत आणि ज्याचा अर्ज त्याच्याकडे वळून विचारत. नाव? वय? गाऱ्हाणे काय? आणि त्याच्या तोंडून येईल तेच कागदावर उतरे.

संध्याकाळी थोरली तिथे पोचली तेव्हा छपराखाली गर्दी ओसरली होती. आबांनी तिला पाहून हसून खुर्ची पुढे केली.

"ये. तुझीच वाट बघत होतो. आठवडाभर त्या पेन्शनचेच फॉर्म भरतोय. भांडी घासणाऱ्या, गवंड्याच्या हाताखालच्या, सगळ्या येऊन गेल्या. म्हटलं, आपलीच अजून कशी आली नाही?" आणि गठ्ठ्यातून कोरा फॉर्म ओढून त्यांनी टोपण काढले.

"आबा, माझी तीन वर्षं परत द्या."

"कसली तीन वर्षं?" आबांनी विचारले. पण पेन कागदावर टेकले नव्हते.

तिने सगळे सांगितले. आबा ऐकत होते आणि तो दगड या हातातून त्या हातात घेत होते.

"तुझी आई अंथरुणाला खिळलेली होती," ते शेवटी म्हणाले. "डोळ्यांदेखत तुझं झालेलं बघायचं, एवढाच तिचा ध्यास. मुलाकडच्यांना घाई. म्हणाले, अठरा पुरी आहेत असं लिहून द्या, बाकीचं आम्ही बघतो. मला वाटलं, तीन वर्षं ती काय? आज ना उद्या अठरा होणारच आहेत पोरीला."

"आईनं माझं लग्न बघितलं, आबा. पुढच्या वर्षी मी काय बघितलं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

आबांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होते. सोळाव्या वर्षी, याच इस्पितळात, थोरलीचे पहिले मूल दोन दिवस जगले. डॉक्टरीणबाई आबांना बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, बाळाची आई अजून स्वतःच लेकरू आहे, कुणी केले हे?

"आता एवढं लिहून द्या," थोरली म्हणाली. "आज सदतीस आहे, तर सदतीस असं लिहून द्या. मावशीचे हात बघितलेत तुम्ही? मला तसे हात घेऊन चादरी धरायच्या नाहीत. दुसरं काही मागत नाही मी."

"दुसरं काहीही माग," आबा हळूच म्हणाले. "हे लिहून दिलं तर मला इथून उठवतील. कबुलीजबाब देणाऱ्याला कोण अर्ज लिहायला देईल? मला एवढंच येतं गं, बाळ. हे अक्षर आहे म्हणून या वयात मान आहे. रस्त्यानं जाताना माणसं हात जोडतात."

थोरली उठली. दोन पावले गेली आणि वळली.

"आबा, तुम्ही साऱ्या दुनियेला विचारता, नाव काय, वय काय. त्या दिवशी मी चार पावलांवर बसले होते. भूगोलाच्या वहीत नकाशा काढत होते. तुम्ही मला विचारलंच नाही."

आबांनी पेनाला टोपण लावले. तो कोरा फॉर्म वाऱ्याने उडून खाली पडला, आणि दगड हातातच असून त्यांना तो कागदावर ठेवायचे सुचले नाही.

घरी आली तर दारात वन्संच्या चपला. नवऱ्याची ही मोठी बहीण आली की काहीतरी ठरवूनच येई. आत नवरा चहा घेत बसला होता. तो गोदामावर पहारेकरी होता, वाईट माणूस नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याच्या कुलुपांची काळजी वाहून थकलेला माणूस होता. कोपऱ्यात मुलगी दप्तर आवरत होती. डोळे घारे म्हणून तिला सगळे घारी म्हणत.

"ये, ये. तोंड गोड करायची बातमी आहे," वन्सं म्हणाल्या. "घारीसाठी स्थळ आणलंय. मुलगा मालवाहतुकीच्या हापिसात आहे. मागणं काही नाही त्यांचं, फक्त लवकर उरकायचं म्हणतात. मुलाची आजी जाते की राहते अशी आहे."

"वन्सं, ती नववीत आहे. पंधरा वर्षांची आहे."

"मग? मी चौदाची होते. नाही जगले? आणि कागदाची काळजी कशाला, घरात एवढे आबा आहेत! त्यांनी अठरा लिहिलं की कोण तपासतंय? बुधवारी दुपारी त्यांच्याकडे जायचं ठरलंय. तुझ्या वेळी नाही का लिहिलं त्यांनी?"

थोरलीने एका दमात पेन्शनची, कार्डाची, कबुलीची सगळी हकिकत सांगून टाकली. नवऱ्याने कप खाली ठेवला.

"म्हणजे तू आबांकडून लिहून घेणार, की त्यांनी मुलीचं वय वाढवलं होतं?"

"हो."

"आणि त्यानंतर बुधवारी त्यांनी घारीचं लिहिलेलं कोण मानणार?" तो आवाज न चढवता म्हणाला. "विचार कर. तुझी तीन वर्षं मागायला गेलीस तर हिची तीन कोण देणार? तुझी पेन्शन अजून वीस-तेवीस वर्षांनी. हिचं स्थळ आज दारात आहे. तुला सांभाळायला मी नाही का?"

"तुम्हाला कोण सांभाळणार आहे?" थोरलीने विचारले. नवऱ्याच्याही गोदामाने त्याला कधी कुठल्या कागदावर घेतले नव्हते.

"अगं बाई, नवऱ्याला उलट विचारते ही!" वन्संनी कपाळाला हात लावला. "धुलाईघराची हवा दुसरं काय."

रात्रीची भांडी मायलेकी दोघी विसळत होत्या. घारी ताट पुसता पुसता थांबली.

"आई, तू खरी किती वर्षांची आहेस गं?"

"सदतीस."

"मग ती तीन वर्षं कुठं गेली?"

थोरलीने नळ बंद केला. या प्रश्नाचे उत्तर बावीस वर्षांत तिने शोधले नव्हते. "गेली नाहीत," ती म्हणाली. "ती खेळायची होती. शाळेची होती. ती मला मिळालीच नाहीत."

घारीने पुसलेले ताट पुन्हा पुसले.

बुधवारी दुपारी मावशीने थोरलीला ढकलून घालवले. "जा. मी चादरीचं एक टोक खिळ्याला अडकवते आणि घडी घालते. वाकडी होईल. होऊ दे. वाकड्या चादरीवर माणूस मरत नाही."

आबांची खोली कचेरीच्या मागच्याच गल्लीत. थोरली धापा टाकत पोचली तेव्हा सगळे बसलेले होते. वन्सं भिंतीला टेकून, नवरा दारापाशी, घारी खाली मान घालून आबांच्या समोर. आबांच्या पुढ्यात पाट आणि पाटावर कागद. वरची ओळ लिहूनही झाली होती. 'खाली सही करणार असे लिहून देतो की...'

"आलीस? बरं झालं," वन्सं म्हणाल्या. "आबा, लिहा, मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली असून..."

"आबा," थोरली म्हणाली. ती बसली नाही. सोलवटलेले हात तिने पदराला पुसले. "माझी तीन वर्षं मी तुम्हाला माफ केली. नका देऊ लिहून. बोटं वाकडी होईपर्यंत मी चादरी धरीन, नंतर मनगटानं धरीन. पण हिची घेऊ नका. माझ्याकडं आता द्यायला काही राहिलं नाही, म्हणून नुसती विनंती करते."

"अगं, गप्प बस ना," नवरा पुटपुटला. "लिहू दे त्यांना."

आबांनी तिच्याकडे पाहिले, मग कागदाकडे. दोरी बांधलेला चष्मा नाकावर नीट बसवला. खोलीत फक्त पेनाचे टोपण निघाल्याचा आवाज झाला. वन्संना वाटले झाले काम. थोरलीने डोळे मिटले.

आणि तेव्हा आबांनी, चाळीस वर्षे ज्या आवाजात विचारीत आले त्याच आवाजात, समोर बसलेल्या माणसाला विचारले,

"नाव?"

घारीने मान वर केली आणि नाव सांगितले.

"वय?"

"आबा, मी सांगते ना, अठरा..." वन्संनी तोंड उघडले. आबांनी त्यांच्याकडे न बघता डावा हात वर केला. छपराखाली नवऱ्यांना, भावांना, वकिलांना थांबवत तसाच.

"जिचा कागद तिनं सांगायचं. वय?"

घारीने एकदा बापाकडे पाहिले. आईकडे पाहिले.

"पंधरा," ती म्हणाली. "पंधरा वर्षं, चार महिने."

आबांनी लिहिले. पंधरा वर्षे चार महिने. एकेक अक्षर सावकाश काढले.

"म्हाताऱ्याला वेड लागलंय!" वन्सं ताडकन उठल्या. "तोंडघशी पाडलंत मला! आता मी तिकडं जाऊन काय सांगू?"

"सांगा, आमच्या लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही," आबा म्हणाले. "आणि थांबा. अजून एक कागद व्हायचाय."

त्यांनी दुसरा कागद घेतला. यावेळी समोर कुणाला विचारले नाही. स्वतःचेच नाव घातले, स्वतःचेच वय घातले, आणि गाऱ्हाण्याच्या जागी लिहिले की बावीस वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या मुलीचे वय पंधरा असता अठरा असे याच हाताने लिहून दिले. तिला विचारले नव्हते. खाली सही केली. सहीखाली आयुष्यात पहिल्यांदा शाईचा एक थेंब पडला. तो त्यांनी पुसला नाही.

नवरा दारातून हलला नव्हता. वन्सं तरातरा निघून गेल्या, तेव्हा तो त्यांच्या मागे दोन पावले गेला आणि परत आला. भिंतीला टेकून खाली बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "घारे, पाणी दे गं." एवढेच. पण त्यानंतर त्या स्थळाचे नाव त्याने काढले नाही.

इथे कथा संपावी आणि सगळ्यांचे भले व्हावे, असे कुणाला वाटणार नाही? मलाही वाटते. पण रूढीने बांधलेली गाठ एका सहीने सुटत नाही. ते सांगायलाच हा कागद मीही काळा केला आहे.

दुसऱ्या दिवशी बापलेक कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी आबांना खुर्ची दिली, कबुली दोनदा वाचली, आणि त्यांचा चेहरा खरोखर कष्टी झाला.

"आबा, तुम्हीच सांगता तेव्हा खोटं लिहिलं होतं. मग आज लिहिताय ते खरं कशावरून? उद्या कुणी विचारलं, मुलीला पेन्शन मिळावी म्हणून बापानं वय कमी केलं, तर मी काय दाखवू? दुसरा पुरावा आणा."

दुसरा पुरावा कुठून यावा? जन्माची नोंद घालायची पद्धत त्यांच्या वस्तीत नव्हती. मूल झाले की देवापुढे दिवा लावायचा, झाले. शाळेत नाव घातले होते, पण लग्न ठरले तेव्हा दाखला काढून घेतला, आणि पुढे त्या शाळेचे जुने दप्तर पाण्यात भिजून गेले. थोरलीने इस्पितळातल्या कागदांची चौकशी केली. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या नोंदीवरही आईचे वय एकोणीस लिहिलेले निघाले. एक खोटे वय किती इमानदारीने सगळीकडे पोचले होते! खरे वय जन्मापासून ठाऊक असलेली माणसे मात्र तीनच होती, आणि त्यातली एक आई कधीच देवाघरी गेली होती.

अर्ज वरच्या कचेरीत गेला. तिथून आणखी वर गेला. आबांचे टेबल मात्र लगेच उठले. कुणी अपमान केला नाही. नुसते सांगितले, आता तुम्ही विश्रांती घ्या. शाईची बाटली आणि तो गुळगुळीत दगड पिशवीत घालून आबा घरी आले.

दुसऱ्या वर्षी मावशी ओल्या फरशीवर पडली आणि मांडीचे हाड मोडले. वॉर्डात तिला ज्या खाटेवर ठेवले, तिथल्या चादरीची घडी तिनेच घातलेली होती. एक कड थोडी वाकडी होती, त्यावरून थोरलीने ओळखली. मावशी त्याही दिवशी म्हणाली, "बघ, शेवटी बसले की नाही घरी?" धुलाईघरातल्या बाया पाळीपाळीने डबा नेत होत्या. नेता येईल तोवर नेला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आता नवी बाई उभी राहते. थोरली तिच्याकडे चालत जाते, कोपऱ्याला कोपरा भिडवते, आणि कधी कधी आपल्या बोटांकडे बघते. उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही.

ज्या दिवशी थोरली खरोखरीची चाळीस वर्षांची झाली, त्या दिवशी तिचा अर्ज कुठल्याशा टेबलावर होता. कुणाच्या, ते तिला कळले नाही. तिने सुट्टी घेतली नाही. तिच्या तीन वर्षांचे काय झाले असे विचारणारे कुणी नव्हते, आणि विचारले असते तरी उत्तर द्यायला तिच्यापाशी वेळ नव्हता. रुळातून चादरी येतच होत्या.

योजनेच्या बाई मात्र अधूनमधून येत. येताना दरवेळी त्या एकच गोष्ट करीत. कार्ड पाहण्याआधी प्रत्येकीला विचारीत, खरे वय काय? आणि उत्तरे आपल्या वहीत वेगळी लिहून ठेवीत. त्या एका धुलाईघरातून वय वाढवून लिहिलेल्या अकराजणी निघाल्या. अकराजणींची मिळून किती वर्षे होतात, ते मी इथे लिहीत नाही. तुमच्या घरात, शेजारात, कामावर एखादी असेल, तिलाच विचारून बघा. ती आधी कार्डावरचे सांगेल. जरा थांबा. मग दुसरे सांगेल.

घारीने शाळा सोडली नाही. सकाळी वर्ग आणि दुपारी इस्पितळाच्या शिवणखोलीत काम. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, धड कडा मध्ये आणून शिवायच्या, म्हणजे तीच चादर पुन्हा काही वर्षे टिकते. हे तिला लवकर जमले. योजनेच्या बाईंनी दिलेला पेन्शनचा एक कोरा फॉर्म ती एके दिवशी आबांकडे घेऊन आली. आबांना आता दिसत कमी होते, हात कापत होता. तरी त्यांनी पाट मागवला, चष्मा नीट बसवला. थोरली दारात उभी राहून बघत होती. घारीचा बाप खाली बसून शाईची बाटली धरीत होता, आबांच्या हातून सांडू नये म्हणून.

"नाव?"

तिने सांगितले.

"काम?"

"शिवणखोलीत. चादरी शिवते."

"वय?"

"अठरा."

आबांनी पेन उचलले, आणि थांबले. हाच आकडा. पंचवीस वर्षांपूर्वी याच पाटावर, याच हाताने.

"पूर्ण?" त्यांनी विचारले.

"एकेक दिवस मोजलाय, आबा," घारी म्हणाली. "तुमच्यासमोरच."

आबांनी दारातल्या थोरलीकडे पाहिले. तिने फक्त मान हलवली. मग त्यांनी रकान्यात अठरा लिहिले, कापऱ्या हाताने, वेडेवाकडे. चाळीस वर्षांतले त्यांचे सगळ्यात वाईट अक्षर होते ते. आणि खरे होते.